किलबिलीच्या सत्तावीस बिया

सोमवार, ३ मार्च २०२५

आज मला वही मिळाली. प्रियंकाच्या कॉलेजातली आहे, पुठ्ठ्याची. एका बाजूला कोरं पान, एका बाजूला रेघा. कोऱ्या पानावर चित्र काढायचं आणि रेघांवर लिहायचं. ती म्हणाली, "आज्जे, जे दिसलं तेच लिहायचं, जे दिसलं तेच काढायचं. मनातलं घालायचं न्हाय."

मी म्हटलं, "मग वही कोरीच ऱ्हाईल की गं. मला दिसतं कमी आन मनात लई."

लई हसली. हसली की आजोबांसारखे गाल वर जातात.

मी तानाबाई हरिबा कोळेकर. तिसरी पास. आमचे मास्तर म्हणायचे, बोलताना हाय म्हणा, लिहिताना आहे लिहा, म्हणून मी आहे लिहिते. साठ वर्षांत हाताला पेन नव्हतं. प्रियंकानं लॉकडाऊनमध्ये पुन्हा अक्षरं गिरवून घेतली. जोडाक्षर आलं की हात अजून अडतो, शेळी उंबऱ्याला अडते तसा.

आता खरी गोष्ट. आज प्रियंकानं बिया आणल्या. सत्तावीस! काचेच्या बाटलीत. मी मोजल्या, नीलम्मानं मोजल्या, बिरुदेव शाळेतनं आला तर त्याच्याकडनं पण मोजून घेतल्या. नीलम्मा माझी सून, अक्कलकोटकडची. बिरुदेव माझा लेक, शाळेत शिपाई आहे. प्रियंका त्यांची एकुलती एक, आणि आमच्या सगळ्या कोळेकरांत एमएस्सी झालेली पहिली. गडी धरून पहिली.

ह्या बिया कुठल्या, तर बंद पडलेल्या मिलमधल्या झाडाच्या. आमचे मालक तिथं चाळीस वर्षं वॉचमन होते. मेंढरं दुष्काळात गेली तेव्हा आम्ही सांगोल्याकडचा माळ सोडून सोलापुरात आलो, ते ह्या मिलच्या गेटावर. गेटाच्या आत एक झाड होतं. पानं गुलमोहराची, खोड गुलमोहराचं, पण मे महिन्यात एक फूल येईल तर शपथ. आणि सगळे गुलमोहर झडून गेल्यावर दसऱ्याला हे फुलायचं. नारंगी द्राक्षांचे घड उलटे टांगावेत तसं. मालक त्याला विसराळू गुलमोहर म्हणायचे. "ह्याला तारीखच याद ऱ्हात न्हाय, तानाबाई," म्हणायचे. प्रियंका लहान असताना त्याच्याखालीच खेळली.

ती कॉलेजात गेल्यावर कळलं की तो गुलमोहर नव्हेच. पुस्तकात किलबिली म्हणतात. त्याला शेंगा फार कमी धरायच्या, म्हणून प्रियंका शिडीवर चढून रंगाच्या ब्रशानं एका फुलातली भुकटी दुसऱ्या फुलाला लावायची. तीन वर्षं लावली. पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी किडकी शेंग, आणि यंदा सत्तावीस बिया.

बी चिंचोक्यापेक्षा लांबट आहे, रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा. मी एकीला नखानं दाबून बघितलं तर खूण उमटली. प्रियंका ओरडली, "आज्जे! कवळं साल हाय तिचं!"

तिच्या वहीत प्रत्येक पानाखाली लिहिलेलं असतं, पाहणार: प्रियंका कोळेकर. मी पण माझं नाव लिहीन म्हणते. पण काहीतरी पाहिल्यावर.

बुधवार, १२ मार्च

आज मला शिकवलं. हे झाड मूळचं एका बेटावरचं. मादागास्कर. फोनवर दाखवलं, समुद्रात वाळत घातलेल्या भाकरीसारखं दिसतं. जगात आपोआप उगवतं ते फक्त तिथंच, बाकी ठिकाणी माणसांनी नेऊन लावलेलं. आणि त्याच्या वंशात ते एकटंच. म्हणजे आंब्याच्या शंभर जाती असतात तसं ह्याचं नाही. एकच.

मी म्हटलं, "म्हंजी भावकी न्हाय बिचाऱ्याला."

"भावकी न्हाय, पण लांबचं कूळ हाय," ती म्हणाली. "चिंच, बाभळ, तूर, शेंगा, ही समदी त्याचीच पावणी. शेंग धरणारी ती समदी एका कुळाची."

मला लई बरं वाटलं. भुईमुगाच्या शेंगा तर आमच्या घरात रोज चटणीला. म्हणजे बेटावरच्या झाडाची मावशी आमच्या खलबत्त्यात! नीलम्माला सांगितलं. ती म्हणाली, "अय्यो देवरे, मग आता चटणी खायाची का न्हाय, अत्ती?" अत्ती म्हणजे तिच्या कानडीत सासूबाई.

शुक्रवार, ११ एप्रिल

मिलमधलं झाड तोडलं. जागा साफ करतायत. प्रियंका सकाळीच गेली होती, मी रिक्षानं मागनं गेले. बुंधा गाडीत चढवत होते. आतलं लाकूड पांढरं होतं. मालकांची खुर्ची जिथं असायची तिथं ऊन पडलं होतं. त्या जागेवर मी कधी ऊन बघितलं नव्हतं.

प्रियंका रडली नाही. टेप घेऊन बुंध्याचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. रिक्षात मात्र माझा हात धरून बसली होती, तळवा ओला झाला.

मी म्हटलं, "सत्तावीस हायती की गं आपल्याकडं."

सोमवार, १९ मे

सुबोध सर येऊन गेले. प्रियंकाचे सर. चहा घेतला, शेंगाचटणी बांधून दिली. सरांनी बिरुदेवला नीट समजावून सांगितलं. बेंगळूरला एक मोठी संस्था आहे, तिथं ऑगस्टच्या चार तारखेला मुलाखत. निवडलेल्या पोरांना पाच वर्षं झाडांवर अभ्यास करू देतात, त्यातल्या काहींना त्या बेटावर पण नेतात. प्रियंकाकडे तीन वर्षांच्या नोंदी आहेत. त्याच्या जोडीला ह्या बियांची रोपं आणि कुठली कशी उगवली त्याचा तक्ता नेला, तर तिला कुणी अडवू शकत नाही असं सर म्हणाले. "पुण्या-मुंबईत ही झाडं आहेत, पण ह्या झाडाची ही कहाणी फक्त हिच्याकडे आहे."

बिरुदेव म्हणाला, "सर, मी दोन वर्सांत रिटायर. पोरगी पंचवीसची झाली. ऑगस्टपतोर वाट बघतो. झालं तर झालं, न्हायतर पुण्यात तिच्या मैत्रिणीनं नोकरी बघून ठेवलीय तितं जायाचं." त्याचं पण चुकत नाही. आवाज चढवला नाही त्यानं.

सर गेल्यावर प्रियंका मला म्हणाली, "आज्जे, ह्या सत्तावीस माज्या जिवापरीस जास्त हायती." मी तिची अलाबला घेतली.

उन्हाळ्यात रोप करपेल म्हणून मृगात पेरायचं ठरलंय.

रविवार, ८ जून

प्रियंका दहा दिवसांसाठी कोल्हापूरला गेली, कसल्या तरी शिबिराला. आल्या आल्या पेरणार. जाताना बियांच्या तीन पुड्या केल्या, नऊ-नऊच्या, आणि बाटलीत ठेवल्या. पुड्यांवर लिहिलंय ते मी वाचलं. एकीवर, काही न करता. एकीवर, घासून. आणि एकीवर, उकळतं पाणी.

मी विचारलं, "उकळतं पानी म्हंजी?"

"पानी उकळायचं, जरा निवू द्यायचं, आन त्यात बी टाकायचं. काही बिया अशानंच जाग्या होत्यात."

बी शिजवल्यावर उगवतं व्हय? मी बोलले नाही काही, पोरगी एसटीत चढत होती. पण दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर ती पुडी. आणि घासणार कशानं, तर सँडपेपरनं. बाई गं. नखाची खूण उमटणारं साल.

मंगळवार, १० जून

आज मी लई मोठं काम केलं. सगळं सांगते.

काल सांगोल्याहून भाच्यानं बाभळीच्या शेंगांचं पोतं पाठवलं, आमच्या मोरीसाठी. मोरी म्हणजे आमची शेळी, परसात असते. शुक्रवार पेठेत आता दोनच शेळ्या राहिल्यात, एक आमची आणि एक मशिदीमागच्या चाचींची. मोरी शेंगा खात होती आणि मला एकदम आठवलं.

माझे सासरे बांधाला बाभळी लावायचे. बाभळीचं बी म्हणजे दगड. तसंच पेरलं तर दोन-दोन वर्षं मातीत झोपून राहतं. मग ते काय करायचे, शेंगा आधी शेळ्यांना घालायचे. सकाळी खाली पडलेल्या लेंड्या वेचायच्या, त्यातलं बी आळ्यात टाकायचं. आठ दिवसांत मोड. पोटाच्या उबेनं बी जागं होतं, त्याला ना कढत पाणी लागत ना कानस. सांगोल्याच्या त्या माळावर ज्या बाभळी उभ्या आहेत त्यातल्या निम्म्या आमच्या शेळ्यांच्या पोटातनं आल्यात.

आणि प्रियंकानंच तर सांगितलं होतं, बाभळ आणि किलबिली एका कुळाची!

मला बसवेना. एवढी शिकलेली माणसं, पण शेळीचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेळी असते कुठं त्यांच्या कॉलेजात. मी बाटली उघडली. आधी वाटलं नऊच घालावं. मग वाटलं, एकीला सुख आणि दुसरीला सँडपेपर असं कशाला? रोज नऊ, असं तीन दिवस घालायचं ठरवलं. आज पहिल्या नऊ. बाभळीच्या शेंगेत एकेक बी खोचून मोरीच्या तोंडाला लावलं. गुणाची ती. एक सांडली नाही.

नीलम्मा धुणं घालत होती. म्हणाली, "अत्ती, ते काय घालताव?" मी म्हटलं, "बाळंतपन करतीया." ती हसली.

प्रियंका येईल तेव्हा मोड आलेले दाखवीन. काय तोंड होईल तिचं!

शनिवार, १४ जून

तीन दिवस लेंड्या वेचून पाण्यात कुस्करून पिठाच्या जुन्या चाळणीत चाळल्या. बाभळीचं बी ओंजळभर निघालं, छान काळंभोर. किलबिलीचं अजून आलं नाही. दोन सालं दिसली, फोलपटासारखी. मोरी जरा जास्त रवंथ करते, तिच्या पोटात वेळ लागत असेल. मोठं बी आहे.

आज परसातल्या लेंडीच्या ढिगावर पाणी मारलं. त्यात असेल तर तिथंच उगवेल.

बुधवार, १८ जून

प्रियंका आली. काळी पडलीय. येताना माझ्यासाठी कोल्हापुरी चप्पल आणलं.

हातपाय धुतले नाहीत तोच, "बाटली कुटं हाय आज्जे?"

"धुऊन पालती घातलीया. बी कामाला लावलंय."

"पेरलंस?"

मी तिला परसात नेलं आणि सगळं सांगितलं. सासऱ्यांचं, बाभळीचं, कुळाचं. ती ऐकत होती.

मग म्हणाली, "समद्या?"

"समद्या. रोज नऊ. कुनावर अन्याव नको."

ती मोरीजवळ गेली आणि तिच्या पोटावर हात ठेवला, गाभण शेळीला मी ठेवते तसा. लई वेळ उभी राहिली. मोरी तिचं बोट चाटत होती. मग प्रियंकानं माझ्याकडं चाळणी मागितली.

जेवली नाही. प्रवासानं दमली असेल. एसटीत हल्ली लई गर्दी.

शुक्रवार, २० जून

काल आणि आज प्रियंका सगळा ढीग चाळत होती. हातानं एकेक लेंडी फोडून. मी म्हटलं मी करते, तर म्हणाली, "तू बस आज्जे, कंबर धरंल."

संध्याकाळी विचारलं, "घावलं का?"

"बाभळीचं लई घावलं, आज्जे."

मग मला म्हणाली, हळू, लहान पोराला सांगावं तसं, "बाभळीचं बी बारीक आन दगडासारखं, म्हनून दातातनं सुटतं. हिचं साल मऊ व्हतं. शेळी रवंथ करती न्हवं, त्यात..." आणि थांबली.

माझ्या नखाची खूण उमटली होती ती मला आठवली. मार्चमध्ये. मी स्वतःच वहीत लिहिलंय. मागं पान उलटून बघितलं, आहे.

शनिवार, २१ जून

लिहू नये असं वाटतं. पण पोरीनं सांगितलंय, जे दिसलं ते लिहायचं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. बिरुदेवनं विचारलं, "मृग संपत आला. पेरलं का न्हाय?"

प्रियंका म्हणाली, "बियांना बुरशी लागली, आबा. मी झाकण नीट लावलं न्हवतं. समद्या गेल्या."

बिरुदेवचा घास हातातच राहिला. आवाज न चढवणारं माझं लेकरू, आज त्यानं चढवला. "तीन वर्सं एका झाडामागं घातली. ऊन बघितलं न्हाय, तान बघितली न्हाय. आन तुला एक झाकण लावता येईना? ह्या हातानं बेंगळूर करनार व्हतीस?"

ती खाली मान घालून भाकरी कुस्करत होती. म्हणाली, "चुकलं, आबा."

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. मग पाणी प्यायले. तेव्हा पण बोलता आलं असतं. नीलम्मा माझ्याकडं बघत होती. मोरीला बी घालताना तिनं बघितलं होतं मला. ती म्हणाली, "भाकरी गार हुतीया अत्ती, खावा." तिनं पण सांगितलं नाही.

मी तोंड उघडलं नाही. पंच्याहत्तर वर्षांची बाई मी. माळावर लांडग्याला काठी मारलेली आहे. आणि लेकाला भ्याले.

रविवार, २९ जून

आज धीर करून बिरुदेवला हाक मारली, तर प्रियंकानं मला परसात ओढून नेलं.

"सांगायचं न्हाय, आज्जे."

"का गं? शिवी तू का खायाची?"

"मला बोलून आबा दोन दिवसांत इसरतील. तुला बोलले तर तू जलमभर धरून बसशील. मला ठावं हाय न्हवं तू."

"मोरीला इकून टाकू?"

"तिनं काय केलं गं?"

मग मी काय केलं ते तिनं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, ११ ऑगस्ट

बेंगळूरची यादी लागली. प्रियंकाचं नाव नाही.

गेली होती ती मुलाखतीला. तीन वह्या, बुंध्याचं माप, फुलांची चित्रं, सगळं घेऊन गेली. सुबोध सरांनीच पाठवलं. तिथं म्हणे त्यांना चित्रं लई आवडली, एक बाई दोनदा बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, बिया मिळाल्या होत्या ना, मग रोपं कुठं आहेत, तक्ता कुठं आहे. ती म्हणाली, नाहीत.

मी विचारलं, "मग खरं का न्हाय सांगितलंस? म्हातारीनं केलं म्हनायचं."

"तितं बी बुरशीच सांगितली, आज्जे."

बेंगळूरच्या एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं माझी अब्रू राखून आली ती. मला ते ओळखत पण नाहीत.

बिरुदेव तिच्या डोक्यावरनं हात फिरवून शाळेत गेला.

रविवार, २४ ऑगस्ट

पुण्याला गेली. विम्याच्या हपिसात फोन उचलायचं काम. कानाला ते अडकवायचं आणि दिवसभर बोलायचं. घरात दोन महिने तिचा आवाज आला नाही, आणि आता परक्या माणसांशी आठ तास बोलणार.

तिच्या तीनही वह्या कपाटात ठेवून गेली. मी म्हटलं, "एक तरी ने की."

"तितं झाड न्हाय, आज्जे. खुर्ची हाय."

ती पिशवी उचलत होती तेव्हा मी नवं चप्पल घातलं होतं पायात. तेवढ्यासाठीच घातलं. तिनं बघितलं. वाकून पाया पडताना माझ्या अंगठ्यावरची धूळ तिनं पुसली.

शनिवार, ३० ऑगस्ट

उगवलं!

परसात, ढीग होता त्या जागेवर, भिंतीच्या कडेला. सकाळी मोरीची वैरण टाकताना दिसलं. दोन जाडसर गोल पानं आणि मधनं पिसासारखं एक बारीक पान. मी खालीच बसले. नीलम्मा धावत आली, तिला वाटलं पडले.

"किलबिली!" मी म्हटलं.

ती वाकली, बघितलं, आणि तिचं तोंड कसंतरी झालं. "अत्ती," म्हणाली, "ते बाभळीचं..."

"तुला काय ठावं? तुमच्याकडं ऊस."

ती उठून आत गेली. आनंदाच्या दिवशी बोलले मी तिला, वाईट वाटलं. पण गुलमोहराचं पान पण पिसासारखंच असतं आणि चिंचेचं पण. सगळी एका कुळाची, पोरीनं सांगितलंय. त्यातली एक तरी दातातनं सुटली असेल. सत्तावीस होत्या.

रंगाच्या डब्यात रोप लावलं. खाली भोक पाडलं, लेंडी घातली. प्रियंकाला अजून सांगणार नाही. जरा मोठं होऊ दे. मागच्या वेळी घाई केली.

रविवार, २१ सप्टेंबर

वीतभर झालं. लई सुंदर. रोज सकाळी पहिल्यांदा तेच बघते, मग देव.

पानांच्या बुडाशी जोडी-जोडीनं काहीतरी पांढरं टोकदार येतंय. केसाएवढं. हात लावला नाही.

लहानपणी असतील. कोवळ्या झाडाला शेळ्यांचं भय असतं. त्या बेटावर शेळ्या असतील. मोठं झाल्यावर जात असतील. मिलमधल्या झाडाखाली मी मालकांचा डबा घेऊन वर्षानुवर्षं बसले, एकदा काटा टोचला नाही.

नीलम्मा आता डब्याकडं बघतच नाही. पण काल मी देवळात गेले होते तेव्हा तिनं त्याला पाणी घातलं होतं. माती ओली होती.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

प्रियंकाला रजा मिळाली नाही. आपट्याची पानं तिच्या फोटोपुढं... नाही, फोटोपुढं ठेवू नये, जिवंत माणसाच्या. तिच्या वह्यांवर ठेवली.

दुपारी तिनं फोन केला, तोंड दिसतं तो. चेहरा बारीक झालाय. मागं पांढरी भिंत. दसऱ्याचं जेवण काय केलं वगैरे बोलणं झालं. मग मला राहवलं नाही.

"तुला एक गंमत दाखवू? डोळे मिट."

डबा उचलून उंबऱ्यावर उजेडात आणला. फोन मी वरनं धरला, म्हणजे शेंड्याची पानं तेवढी दिसावीत. बुडाकडं नेला नाही. मला फोन धरायला नीट येत नाही, हात हलतो, पण आज हलू दिला नाही.

"आता उघड. बघ कोन आलंय ते!"

ती बघत राहिली. मला वाटलं फोन अडकला. मग तिची पापणी हलली.

"कवा उगवलं, आज्जे?"

"ऑगस्टात. तू गेलीस आन सहा दिवसांनी. ढिगात व्हतं. एक सुटली बघ दातातनं."

मी बाभळीच्या सावलीत जन्मले. बाभळीचा डिंक खाऊन माझी आई बाळंतीण झाली. बाभळीच्या काट्यानं मी मेंढरांच्या पायातले काटे काढले. आणि ती एमएस्सी आहे, पहिल्या वर्गात पास. वरनं धरा नाहीतर खालनं, तिला एक पान पुरतं.

ती म्हणाली, "व्हय, आज्जे. किलबिलीच हाय."

"खरं?"

"खरं. पानावरनं कळतंय की. जप तिला. मोरीपासनं लांब ठेव."

आणि हसली. गाल वर गेले, मालकांसारखे. मग तिकडनं कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन ठेवला.

मी उंबऱ्यावरच बसले, डबा मांडीवर घेऊन. आज मिलमधलं झाड फुललं असतं. नीलम्मानं येऊन चहा ठेवला आणि माझ्याशेजारी बसली.

मग ही वही काढली. आजपर्यंत कोरी पानं कोरीच होती, मला चित्र येत नाही. प्रियंकाच्या कपाटातनं तिची पेन्सिल घेतली. डबा काढला, त्यावरचं रंगाच्या कंपनीचं नाव पण जमेल तसं काढलं. खोड काढलं. पानं मोजून काढली, आहेत तेवढीच, एक जास्त नाही की कमी नाही. पानांच्या बुडाशी आले तेव्हा पेन्सिल थांबली. तिथली जागा मी मोकळी सोडली.

खाली तिच्यासारखंच लिहिलं.

किलबिली. रोप पहिलं. शुक्रवार पेठ, सोलापूर.
पाहणार: तानाबाई हरिबा कोळेकर.